हात द्यायला आलेला माणूस

हाले, जर्मनी
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय कल्याणदादा,

तुला फोन करता येत नाही, म्हणून हे पत्र. शाळेत मार्कांसाठी लिहिली तेवढी सोडली तर मी आयुष्यात कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझं अक्षर तरी कुठे मोत्यासारखं आहे! तुरुंगात पत्र देण्याआधी उघडून बघतात असं वकील सोहनलालजींनी सांगितलं. बघू देत. माझ्या थंडीच्या तक्रारी वाचून त्यांची करमणूक होईल.

मी बरी आहे. राजूरजवळच्या आपल्या एवढ्याशा लुथरन मंडळीतली पोरगी खुद्द लुथरच्या मुलखात धर्मशास्त्र शिकायला आली, याचं इथे कुणाला फारसं कौतुक नाही. त्यांना जास्त काळजी माझ्या स्वयंपाकाची आहे. पहिल्याच आठवड्यात मी वसतिगृहात लसणाची फोडणी दिली आणि छतावरचं यंत्र असं बोंबललं की सगळी पोरं रात्रीच्या कपड्यांत अंगणात. त्यानंतर मी पाव आणि चीज खाते. भाकरीच्या आठवणीने जीव कासावीस होतो.

चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन आले. तिथे लुथरच्या मेलेल्या चेहऱ्याचा आणि हातांचा साचा काचेत ठेवलाय. गुबगुबीत हात आहेत, आपल्या पाळक रामकिसनभाऊंसारखे. रविवारी उपासनेला गेले तर माझी चांगलीच फजिती झाली. प्रभुभोजनाआधी पाळक म्हणाले, एकमेकांना हात द्या. मी आपली आपल्या रीतीप्रमाणे डोक्यावरची टोपी काढली, बूट काढले, तोंड बंद केलं आणि शेजारच्या आजीबाईंपुढे हात धरून उभी राहिले. त्या आधी बोलतील म्हणून वाट बघत. आजीबाई घाबरल्या. त्यांना वाटलं माझे पाय दुखतायत. मागाहून पाळकांना विचारलं तर म्हणाले, हात मिळवणं सगळीकडे आहे, पण अगदी ज्याच्याशी वैर आहे त्याच्याकडेसुद्धा अनवाणी, उघड्या डोक्याने जायचं आणि त्याने हात घेईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी कुठल्याच लुथरन मंडळीत ऐकलेलं नाही. म्हणजे हे आपली मंडळी सुरू करणाऱ्या पणजोबांचंच डोकं! मी इतकी वर्षं समजत होते की जगभर असंच करतात.

हसत हसत बाहेर पडले आणि ट्राममध्ये एकदम भागवतदादा आठवला. खोलीवर येईपर्यंत रडत होते. आपला सख्खा चुलतभाऊ तुझ्या कुऱ्हाडीने मेला आणि मी तिथे उभी होते, हे मी इथे कुणाला सांगू?

पुढच्या वर्षी साक्षीला यावं लागेल. सोहनलालजी म्हणाले, फार काही नाही. भागवत मळ्यात आला, कल्याणने हाका मारल्या, भागवत बोलला नाही, एवढंच सांगायचं. ते तर खरंच आहे. मी सांगेन. तुला सोडवून आणेन, दादा. जेवत जा.

तुझी
अर्पिता


जालना
१२ डिसेंबर २०२४

अर्पे,

तुझं पत्र भेटलं. शिपायाला वरचं तिकीट आवडलं, देऊन टाकलं. त्या आजीबाईचं वाचून दोन दिवस करमणूक झाली. तिथं जाऊन बूट काढून उभी राहिली, येडी कुठली.

मी बरा हाय. परवा भाजीवरून भांडण झालं. एकानं माईवरून शिवी देली. म्या त्याचं टकुरं धरलं आन् भिंतीवर आपटलं. दात पडले त्याचे. माझी करंगळी मोडली, म्हणून अक्षर वाकडं हाय. आता कोणी माझ्या नादी लागत न्हाई. माईला सांगू नको, ती मुलाखतीला आली तवा म्या हात मागं धरला.

आता एक गोष्ट बराबर ध्यानात ठिव. हात द्यायच्या रिवाजाचं कुठंच बोलायचं न्हाई. कोर्टात तर बिलकुल न्हाई. सोहनलालजींना ते माहीत न्हाई, म्या सांगितलं बी न्हाई. कोर्टाला दिसायला पाह्यजे ते एवढंच. दिवस बुडालेला. ज्याच्याशी वैर हाय तो माणूस मळ्यात घुसतो, हाक मारली तर ओ देत न्हाई, हात पुढं करून अंगावर येतो. कोण बी घाबरंल. जिवाच्या भेवानं मारलं म्हणून शिक्षा कमी व्हती, सुटका बी व्हती.

मीनावहिनी सांगत फिरून राह्यली का तिचा नवरा समेट कराया गेल्ता. पण घरून तर तो टोपी घालून, चपला घालून निघाला. समेट कराया गेला का जीव घ्यायला गेला, ते बायकोच्या तोंडानं कोण मानतं? मळ्यातलं पाहणारी तू एकटी. तुला खोटं बोलायचं न्हाई. फक्त कमी बोलायचं.

तिकडं अजून काय काय पाह्यलं ते लिही. फोटो धाड. इथं भिंतीशिवाय काही न्हाई.

कल्याण


हाले
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

करंगळीचं वाचलं. असा मारामारी करत राहिलास तर सोहनलालजी तरी काय करतील? तुला लहानपणापासून हेच. आधी हात, मग डोकं. मी माईला काही सांगितलेलं नाही.

फोटो पाठवतेय. तो बर्फात उभा असलेला, नाक लाल झालेला भोपळा म्हणजे मी. आम्ही विटेनबर्गला गेलो होतो, जिथे लुथरने चर्चच्या दारावर आपलं म्हणणं ठोकलं म्हणतात. ते लाकडी दार कधीच जळालं, आता धातूचं आहे. दुकानांत लुथरच्या नावाचे पायमोजे विकतात, बिअर विकतात. आपल्याकडे राजूरच्या गणपतीला चतुर्थीला जशी दुकानं लागतात ना, तस्संच. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मोजे घेतले तुझ्यासाठी. तुरुंगात चालतील का ते विचार.

तू म्हणालास ते समजलं. कमी बोलेन. मीही स्वतःला हेच समजावतेय की माझा भाऊ भ्याला होता, दुसरं काही नव्हतं.

पण झालं असं, की आमच्या सरांनी मला वर्गात आपल्या हात द्यायच्या रिवाजाबद्दल बोलायला लावलं. आजीबाईंची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. मंडळीत असं उभं राहूनही ज्याचा हात घेतला गेला नाही, त्याने पुढच्या प्रभुभोजनाआधी समोरच्याकडे जायचं, तो असेल तिथे, घरी किंवा शेतात. टोपी काढायची, चपला काढायच्या, तोंड उघडायचं नाही. पहिला शब्द हात घेणाऱ्याचा. सगळ्यांना फार आवडलं. एका पोरीने विचारलं, पण समोरच्याला कळलंच नाही की हा समेटासाठी आलाय, तर? मी पटकन म्हणाले, असं होऊच शकत नाही, आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं.

बोलले आणि खाली बसले. पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

दादा, अंधार खरंच तेवढा होता का? मी मोसंबीच्या कडेला होते, तुझ्यापासून लांब. मला आठवतं त्यात तुझा चेहरा स्वच्छ दिसतो. मग तुला त्याचा दिसला नसेल? रागावू नकोस. तू नाही म्हणालास की मी तेच धरून चालेन. मला तेच हवंय.

तुझी
अर्पू


जालना
२० मार्च २०२५

अर्पे,

मोजे आत देत न्हाईत. फोटो देला. जाडी झाली तू.

तुला वर्गात ही कीर्तनं कराया कोण सांगितलं? म्या न्हाई म्हणलो व्हतो का न्हाई? इथं शिपाई पत्र वरवर पाहून राह्यलेत, म्हणून बरं. जपून लिहीत जा.

तू कॉलेजला जालन्याला व्हती, तुला अर्धं माहीत न्हाई. विहीर आपली दोघांची. माझ्या पाळीला भागवतनं मोटर बंद ठिवली, एकदा न्हाई, सारा उन्हाळा. माझ्या मोसंबीची पानं गळून खाली पडली. म्या त्याची मोटर दगडानं फोडली. हो, फोडली. मंग त्यानं काय केलं? माझ्या बैलाच्या पायावर लोखंडी गज घातला. म्या घरून ऐकलं ते ओरडणं. पळत गेलो तं बैल तीन पायांवर उभा, चौथ्याचं हाड बाहेर, आन् भागवत गज पुशीत चालला व्हता. ऐकून घे बराबर. गज पुशीत चालला व्हता, जसं भांडं घासावं.

आन् ऑगस्टात प्रभुभोजनाला साऱ्या मंडळीम्होरं ह्योच हात पुढं करून उभा राह्यला. साळसूद. रामकिसनभाऊ म्हणले, घे कल्याण, हात घे. ज्या हातानं गज मारला तो हात म्या धरायचा? बाया रडून राह्यल्या, किती मोठं मन भागवतचं. बैल माझा मेला आन् मन त्याचं मोठं झालं. म्या उठून आलो. त्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं.

अंधार व्हता म्हणजी व्हता. पुन्हा विचारू नको.

माय थकली. तिला तू कोर्टात काय बोलशील तेवढीच आशा हाय.

कल्याण


हाले
१८ मे २०२५

दादा,

तू विचारू नको म्हणालास आणि मी महिनाभर विचारलं नाही. आता विचारणार आहे. हे पत्र तिथे कुणी वाचलं तर वाचू दे.

आमची सहल फ्रांकेनहाउझेन नावाच्या गावी गेली होती. पाचशे वर्षांपूर्वी याच मे महिन्यात तिथे शेतकऱ्यांची कत्तल झाली. साधी कुणबी माणसं, हातात विळे, कोयते, काठ्या. सरदारांच्या फौजेने टेकडीवरून खाली हाकलत नेऊन कापली. एका घळीतून एवढं रक्त वाहिलं म्हणतात की अजून तिला रक्ताचंच नाव आहे. आणि लुथर त्या वेळी सरदारांच्या बाजूने होता. आपल्या रविवारच्या शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या गोल इमारतीत भिंतभर चित्र आहे, माणसं माणसांना मारतायत, बघून मान अवघडते. बाहेर आल्यावर सगळ्यांनी आईस्क्रीम घेतलं. मीही घेतलं. त्या घळीच्या काठावर गवतात बसून खात होते आणि अर्ध्यातच ते टाकून उठले.

कारण मला तो दिवस सगळा दिसला. अंधार नव्हता, दादा. दिवस बुडत होता, पण बांधावरचं गवत वेगळं ओळखू येत होतं. भागवतदादा आला. बांधावर थांबला. टोपी काढली, चपला काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि टोपी त्यांच्यावर ठेवली. मग हात पुढे करून काट्यांतून तुझ्याकडे चालत आला. तू म्हणालास, "भागवत, म्होरं येऊ नको." नावाने म्हणालास. पुन्हा म्हणालास. तो कसा बोलणार? त्याने बोलायचंच नव्हतं. तू वाळली बाभूळ तोडत होतास. पहिला घाव खांद्यावर बसला. त्याचा तो हात लोंबकळला, तर त्याने डावा हात पुढे केला. ओरडला नाही. दुसरा घाव मानेवर. रक्त माझ्यापर्यंत आलं नाही, पण आवाज आला. ओलं लाकूड फोडल्यावर येतो तसा. तो गुडघ्यांवर बसला आणि तू पुन्हा मारलंस.

एवढ्यावरही मी म्हटलं असतं, राग होता, तुझं डोकं फिरलं होतं. पण नंतर तू काय केलंस? त्याला हात लावला नाहीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ बांधावर गेलास, चपला आणि टोपी उचलल्यास आणि विहिरीत टाकल्यास. त्यानंतर बोंब मारलीस, धावा रे धावा.

भ्यालेल्या माणसाला चपला आठवत नाहीत. तुला त्या आठवल्या, कारण त्या कशासाठी काढल्यात हे तुला कळलं होतं. पोलिसांनी मला चपलांचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तू कमी बोल म्हणतोस. मी आधीच कमी बोलले आहे आणि त्या कमी बोलण्यावर मीनावहिनीचा नवरा चोरासारखा मेला.

दादा, मला लिही की मी चुकतेय. काहीही लिही, मी वाचेन.

अर्पिता


जालना
२२ जून २०२५

अर्पिता,

तुला धाकटी म्हणून खांद्यावर घेऊन शाळेत नेलं. बापू मेले तवा तुझ्या फीसाठी म्या माझी शाळा सोडली. जर्मनीला जाताना मायनं कानातलं मोडलं. हे त्याचं फळ.

साहेबानं पत्र पाह्यलं असतं तं मी आजच फासावर गेलो असतो. तुला ते कळत न्हाई असं न्हाई. कळून लिहिलं तू. दुश्मनी काढून राह्यली का? तू कोर्टात तसलं काही बोलली तं माय विहीर जवळ करंल, लिहून ठिव. आन् मी जित्ता राह्यलो तं एक दिवस सुटंल. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. मंग तू जर्मनीत जा नाहीतर आणखी कुठं जा. भागवतला तीन घाव लागले. तुला एवढे लागणार न्हाईत, तुझी मान बारीक हाय.

येऊ नको. आजारी हाय म्हणून कागद धाड. साक्षीलाच न्हाई आली तं तुझं बी भलं, माझं बी.

पुन्हा पत्र धाडू नको.

कल्याण


मस्तगड, जालना
१९ सप्टेंबर २०२५

दादा,

तू नको म्हणालास तरी लिहितेय. तू तीन गल्ल्या पलीकडे असल्यासारखा आहेस आणि तरी पत्रच लिहावं लागतंय.

तुझं जूनचं पत्र मिळालं तेव्हा मी एक गोष्ट शोधत होते. चपलांबद्दल तू काही लिहिलं असशील. खोटं तरी. तुझ्या साऱ्या पत्रात तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस, फक्त माझी मान मोजलीस. मी बाथरूममध्ये कोंडून घेऊन आरशात मान बघत बसले होते. मला तुझी भीती वाटते.

काल तू पिंजऱ्यात मान खाली घालून बसला होतास, म्हणून तुला ऐकूनच सगळं कळलं असेल. सोहनलालजींनी त्यांचं तेवढंच विचारलं, भागवत काही बोलला का? मी म्हणाले, नाही. ते खूश होऊन खाली बसत होते. मी म्हणाले, तो का बोलला नाही तेही मला सांगायचंय. न्यायाधीश म्हणाले, सांगा. मग मी टोपीचं सांगितलं, चपलांचं सांगितलं, आपल्या रिवाजाचं सांगितलं, तू त्याला नावाने हाक मारलीस ते सांगितलं. विहिरीचं सांगितलं. सोहनलालजी चिडून म्हणाले, एवढे दिवस का गप्प होता, तुमचं भावावर प्रेम नाही का? मी म्हणाले, आहे. दुसरं काय म्हणणार? आहे.

बाहेर पायऱ्यांवर माय उभी होती. तिने पायातली चप्पल काढून मला मारलं. तोंडावर, डोक्यावर, पाठीवर, लोक बघत असताना. मी हात वर केले नाहीत. ओठ फाटलाय, एक डोळा उघडत नाही. शेवटी तीच दमून खाली बसली आणि "माझा एक गेला, दुसरी मेली" म्हणून छाती बडवायला लागली. मीनावहिनी समोरून आली. मला वाटलं माझा हात धरेल. ती माझ्या अंगावर थुंकली. म्हणाली, "एक वरीस कुठं गेल्ती?" तिचंही बरोबर आहे.

कॉलेजातल्या प्रियाच्या घरी उतरलेय. माईजवळ कडूबाकाका बसून आहेत, म्हणून तेवढा धीर आहे. त्यांचाच मुलगा गेला आणि तेच तिला पाणी पाजतायत, तिला एकटं सोडत नाहीत. परवा माझं विमान आहे. मला तुझी आठवण येते, दादा. खांद्यावर घेणाऱ्या दादाची येते आणि दुसऱ्याचीही येते, दोन्ही एकच आहेत याचा राग येतो. तू लिहू नकोस, हवं तर फाडून टाक. मी खरं बोलले आणि मला जराही हलकं वाटत नाही.

अर्पिता


जालना
६ ऑक्टोबर २०२५

अर्पू,

फाडलं न्हाई.

तू बोलत व्हती तवा मी खाली मान घालून तुझे पाय पाहून राह्यलो. तुझा आवाज लहानपणीसारखाच हाय, घाबरली तरी थांबत न्हाई. तू चपलांचं बोलली तवा माझ्या अंगात आग झाली. वाटलं, उठावं, मधातला गज वाकवावा, हिचा गळा धरावा आन् आवाज बंद होईस्तोवर दाबावा. हात बी वर आल्ते. शेजारच्या शिपायानं धरले. तू पाह्यलं न्हाई.

मंग त्यानं धरलेले माझे हात मला दिसले. आन् वाटलं, हे पह्यलं बी झालंय. त्या दिवशी भागवत हात पुढं करून उभा राह्यला तवा मला भेव वाटलंच नव्हतं. असंच वाटल्तं. बिलकुल असंच. तो वैरी व्हता म्हणून मारलं असं मी वरीसभर सोताला सांगितलं. तू तं वैरी न्हाई. तू अर्पू हाय.

माय तुला घरात घेणार न्हाई, बहुतेक कधीच न्हाई. तिला म्या सांगून पाह्यलं, ती मुलाखतीतून उठून गेली.

सोहनलालजी येऊन गेले. वरच्या कोर्टात जामिनाचं पाहतो म्हणले, अजून आशा हाय म्हणले. म्या नको म्हणलो तं तुझं डोकं फिरलं म्हणले. तू त्याह्यला फोन कर, साक्षीनंतर तुझं तरी ऐकतील. सांग, कल्याणला बाहेर काढू नका.

कल्याण